पंगतीबाहेरचं टेबल

माझ्या बापाला त्यांनी चपलांच्या रॅकशेजारी जेवायला बसवलं.

बापाला म्हणजे आबांना. सोबत आईला आणि मला. घराच्या दाराबाहेर, जिन्याच्या पॅसेजमध्ये. घडीचं टेबल, प्लास्टिकच्या तीन खुर्च्या, चंदेरी कागदाच्या प्लेटा. दार सताड उघडं. आत हॉलमध्ये लांब सतरंज्या अंथरलेल्या, त्यांच्यापुढं केळीची ओली हिरवी पानं मांडलेली. पाहुणे मांडी घालून बसत होते. आम्हाला ते दिसत होते. त्यांना आम्ही दिसत होतो.

घरमालक बाहेर आले. जरीकाठी धोतर, कपाळाला गंध, तोंडभर हसू. आबांकडं बघून मला म्हणाले, "वयस्क माणूस. खालीं बसले तर गुडघे दुखतील. टेबलच बरें."

आबांचे गुडघे! आबा एसटीचे ड्रायव्हर होते. निवृत्त झालेत, तरी रोज सकाळी विहारात वंदनेला मांडी घालून बसतात, सगळे उठले तरी बसून राहतात. आमच्या घरात जेवायचं टेबल नाही. कधीच नव्हतं.

आबांनी टेबल बघितलं. चपला बघितल्या. खुर्ची ओढून बसले. त्यांना समजलं होतं. असल्या गोष्टी त्यांना सांगाव्या लागत नाहीत.

हे गावाकडचं नाही. जुनंही नाही. चेन्नईतलं, मैलापुरातलं. मोबाईलवर फोटो काढणं चालू होतं.

त्या घरात मी भाड्यानं राहत होते. नोकरी नुंगंबाक्कमला, एका ऑडिटच्या ऑफिसात. लातूरकडनं आलेली मी, तमिळ येत नव्हती. खोल्या बघत हिंडायचे. घरवाले दारातच आधी विचारायचे, "व्हेज?" मग विचारायचे, "नेटिव्ह?" म्हणजे मूळ गाव कुठलं. मग आवाज जरा खाली आणून, "कम्युनिटी?" मी सांगायचे. मग त्यांना आठवायचं, खोली कालच दुसऱ्या कुणाला दिली.

एकदा मैलापूरच्या तळ्याजवळ बसची वाट बघत आईशी फोनवर बोलत होते. शेजारी उभे असलेले म्हातारे गृहस्थ वळून माझ्याकडं बघायला लागले. फोन ठेवला तसे म्हणाले, "तूं मराठी का, पोरी?"

त्यांची मराठी वेगळीच. शब्द पोथीतले आणि सूर तमिळ. त्यांचे पूर्वज तंजावूरला आले, पिढ्यान् पिढ्या इकडचेच झाले. घरात अजून मराठी बोलतात, पण मुलांना ती नीट येत नाही, याचं त्यांना दुःख. शाळेत सायन्स शिकवून निवृत्त झालेले. खोली शोधतेय म्हटल्यावर मला तिथूनच घरी घेऊन गेले. बायकोला हाक मारून म्हणाले, "बघ, आपलें माणूस मिळालें."

मी त्यांना मामा म्हणायला लागले, त्यांच्या बायकोला मामी. मामांनी जात विचारली नाही. एकदा गोत्र विचारलं. मी म्हटलं, आमच्यात गोत्र नसतं. ते हसले. "आजकालच्या पोरांला कांहींच ठाऊक नसतें." त्यांच्या डोक्यात मराठी बोलणारं माणूस म्हणजे त्यांच्यातलंच. दुसरं कुणी मराठी बोलत असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

मामी मायेनं वाढायची. वांगीभात, डांगर पच्चडी. सांबार तर आमच्याच लोकांनी काढलं असं मामा छाती फुगवून सांगायचे. रविवारी केळीच्या पानावर जेवण. आणि जेवताना मामांचा वर्ग भरायचा.

पानाचं निमुळतं टोक डावीकडं का? जेवतो उजव्या हातानं, रुंद भाग उजवीकडं असला की भाताला जागा मिळते. पानाभोवती पाणी का फिरवायचं? मुंग्या येत नाहीत. जमिनीवर का बसायचं? पोटावर दाब येतो, पचन होतं. पेल्याला ओठ न लावता वरून पाणी का ओतायचं? थुंकीतून रोग पसरतात. भाताला लागलेला हात धुतल्याशिवाय दह्याला का लावायचा नाही? दही नासतं. जेवण झाल्यावर पान आपल्याकडं का मिटायचं? संबंध राहावा म्हणून. पलीकडं मिटतात ते मयताच्या जेवणात.

"इंग्रजांचे टेबल मॅनर्स म्हणजे नुसता काटाचमचा," मामा म्हणायचे. "आपल्यात प्रत्येक गोष्टीला कारण आहे. सायन्स आहे."

मला आवडायचं ते. खरंच आवडायचं. वरून पाणी प्यायला शिकताना नाकात पाणी गेलं, मामी पोट धरून हसली. फोनवर आईला मी हे सगळं सांगायचे. पान कसं मांडतात, कसं मिटतात. आई ऐकून घ्यायची. एकदा म्हणाली, "आमाला कुठलं पान, बाई? लग्नाच्या जेवणाला लांब बसवायचे. वरून टाकायचे, पदरात झेलायचं. सांडलं तर मातीतलं वेचायचं." मग तिनंच विचारलं, "आज काय भाजी केली तुज्या मामीनं?"

मामांची सत्तरीची शांत ठरली. त्यांनी स्वतः सांगितलं, "तुझ्या आईअप्पाला बोलाव. आमच्या सत्तरीला महाराष्ट्रांतलीं माणसें हवींत." आबा असं कुठं जात नाहीत. लेक ज्यांच्या घरात राहते ते बोलावतात म्हणून आले. येताना ज्वारीचं पीठ, करडईच्या तेलाचा डबा आणि मामांसाठी टॉवेल-टोपी आणली. मामांनी ती टोपी डोक्यावर घालून आरशात बघितली. आबांना मिठी मारली. दोघांचे हात एकमेकांच्या पाठीवर. मी बघितलंय ते.

त्याच संध्याकाळी मामांचा मुलगा आणि सून आले. सून पुण्याची. दोघं बेंगळुरूला असतात. मी दारासाठी झेंडूची माळ ओवत होते, ती शेजारी येऊन बसली. किती दिवसांनी धड मराठी ऐकली म्हणाली. मग विचारायला लागली. गाव कोणतं? आडनाव काय? ते म्हणजे तिकडचे का? बरं, पूर्ण नाव? वडिलांचं?

मामांना जे माहीत नव्हतं ते हिला सगळं माहीत होतं. आडनाव ऐकलं की पुण्यात माणसाचा पत्ता लागतो.

"अच्छा," ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही... त्यांच्यातले?"

"आम्ही बौद्ध आहोत."

"नाही नाही, मला काहीच प्रॉब्लेम नाही हं," ती म्हणाली. तिनं हातातली माळ खाली ठेवली. उठली. आत गेली. आतल्या खोलीचं दार लागलं. मग तमिळमध्ये बोलणं. तोवर मला तमिळ बरीच कळायला लागली होती.

सकाळी कॉफी आली ती कागदी कपात. रोज मी स्टीलच्या पेल्यात प्यायचे. मामी माझ्याकडं न बघता म्हणाली, "पाहुणे फार. भांडीं पुरत नाहींत." आई भाजी निवडायला स्वयंपाकघरात निघाली तर मामी दारात आडवी झाली. "नको नको, पाहुणे तुम्ही." तेलाचा डबा आणि पिठाची पिशवी रात्रीतून बाहेर पॅसेजमध्ये आली होती. "आंत जागा नाही."

प्रत्येक गोष्टीला कारण होतं.

आमच्या गावात कारण सांगत नसत. आजोबांना कुणी पोटावरचा दाब समजावून सांगितला नाही. लांब बस म्हणायचे, नाही बसला तर काठी होती. इथं काठी नव्हती. इथं शिकलेला माणूस हसून कारण सांगत होता, आणि कारण असं की त्याला होच म्हणावं लागावं. नाही म्हटलं तर आपणच भांडकुदळ. आपल्याच मनात घाण.

तर आम्ही बाहेर टेबलाशी बसलो. मी मामांना म्हटलं, "मी आत बसते ना, नेहमीसारखी."

"आईअप्पाला कंपनी दे," मामा म्हणाले.

"मग आम्हाला पण पानं द्या."

"पानें कमी पडलीं."

पानांचा गठ्ठा दाराशेजारी पडला होता. माझ्या गुडघ्याइतका उंच. तो त्यांनाही दिसत होता आणि मलाही दिसत होता. ते आत गेले.

वाढपी आला. भाड्यानं आणलेला आचाऱ्याचा माणूस. त्याला आतून काहीतरी सांगितलेलं असावं. टेबलापासून लांब उभा राहिला आणि हात लांबवून वरून भात टाकला. थोडा प्लेटमध्ये, थोडा टेबलावर. मग गोडाचा मोठा लाडू घेऊन आला. तोही वरूनच.

आणि आईनं पदर पसरला.

तिला कळलंच नाही तिनं काय केलं. समोर प्लेट होती. टेबल होतं. पण वरून काहीतरी पडतंय म्हटल्यावर तिचे दोन्ही हात आपोआप पदराकडं गेले. पदर पुढं ओढून तिनं ओच्यासारखा धरला आणि मान खाली घातली. जरीकाठाची साडी. माझ्या पहिल्या पगारातून घेतलेली. लाडू टेबलावर पडून फुटला. तिचा पदर तसाच पसरलेला.

मग तिचं तिलाच कळलं. तिनं पदर झटकन ओढून घेतला, खांद्यावर टाकला. आबांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

मी उठले.

हॉलमध्ये जाऊन पंगतीच्या मधोमध उभी राहिले. मामा पहिल्या पानावर बसले होते. मी म्हटलं, "मामा, माझे आईवडील बाहेर का बसलेत? कारण सांगा."

सगळे हात थांबले.

"सांगितलें ना," मामा हळू म्हणाले. "गुडघे."

"आबा," मी हाक मारली. "आत या."

आबा आले नाहीत लगेच. मी पुन्हा हाक मारली. मग आले. उंबऱ्यात थांबले. मी म्हटलं, "मांडी घाला." त्यांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मला अजून सोडत नाही. मग पंगतीच्या टोकाला, फरशीवर, त्यांनी मांडी घातली. ताठ.

"गुडघे चांगले आहेत," मी म्हटलं. गठ्ठ्यातलं पान उचललं, आबांसमोर मांडलं. टोक डावीकडं. "पान पण आहे. आता कारण सांगा."

मामांच्या मुलानं माझा दंड धरायला हात पुढं केला आणि मध्येच मागं घेतला. शिवायचं नव्हतं. सून फोनमध्ये बघत होती. पंगतीतला एक म्हातारा पानावरून उठला, जेवण अर्धवट टाकून. त्याच्यामागं दुसरा.

"आज माझी सत्तरी आहे," मामा म्हणाले. "उद्यां बोलूं."

"आबा आज जेवायला आलेत."

मग मामा ओरडले. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "तूं सांगायला हवें होतें! फसवलेंस आम्हाला! माझ्या बायकोच्या हातचें खाल्लेंस!"

"तुम्ही विचारलं नाही."

"विचारायचें कशाला? तूं मराठी बोलत होतीस!"

वाढपी भाताची बादली घेऊन तसाच उभा होता. आबांच्या पानासमोर. मामांकडं बघत होता, वाढू का नको. मामा मान हलवीनात. पान रिकामं. आबा त्या रिकाम्या पानासमोर बसलेले, हात मांडीवर, आणि सगळे त्यांच्याकडं बघत होते. जसं काही रस्त्यावरनं कुत्रं आत शिरलं होतं.

मी वाढप्याच्या हातातून बादली घेतली. आबांना भात वाढला. सांबाराची बादली उचलली, सांबार वाढलं. आईला हाताला धरून आत आणलं, आबांशेजारी बसवलं, तिलाही वाढलं. पानावर. वाकून. जवळून.

बादल्यांना माझा हात लागला तसे सगळे उठले. बायका, पोरं, सगळे. कुणी तोंडाला पदर लावला. मामी स्वयंपाकघराच्या दारात डोकं धरून बसली. "सगळें गेलें," म्हणून रडत होती. "सगळें अन्न गेलें."

अन्न तिथंच होतं. कुठं गेलं नव्हतं.

आबा जेवले. सावकाश. पानावर शीत ठेवलं नाही. आईनंही पान संपवलं. मग आम्ही माझ्या खोलीतून बॅगा घेतल्या आणि निघालो. जिन्यात असतानाच वर फरशीवर पाणी ओतल्याचा आवाज आला.

तुम्हाला वाटेल, आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला असेल. नाही ठेवला. स्टेशनजवळच्या लॉजवर आम्ही बसलो. तिघं तीन दिशांना तोंडं करून. आईच पहिल्यांदा बोलली. "कशाला केलंस? खाल्लं असतं की भाईरच. आमच्या जल्माला नवं हाय का?"

आबा खिडकीशी होते. म्हणाले, "मला तिथं जेवायचं नव्हतं. तू वाढलंस म्हणून गिळलं. एकेक घास दगडावानी. त्यांच्या पंगतीत बसून काय मिळालं मला? लोक उठून गेले माझ्याकडं बघून. पुन्यांदा मला कुणाच्या पंगतीत बसवू नको."

दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीत बसवलं. गाडी हलली तेव्हा आईनं हात हलवला. आबा समोर बघत होते.

मी अंबत्तूरला एका मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेले. राहिलेलं सामान मामांनी रिक्षानं पाठवलं. कपडे, पुस्तकं, चादरी. आणि सगळ्यात वर, पेपरात गुंडाळलेलं, स्टीलचं ताट, वाटी, पेला. मी त्या घरात जेवायचे ती भांडी. लख्ख घासलेली.

मामांचा फोन आला. "राग धरूं नको, पोरी. भांडीं तुला भेट. आठवण म्हणून ठेव."

पुन्हा कारण. पुन्हा हसून.

रविवारी सकाळी मी ती भांडी घेऊन मैलापूरला गेले. बेल दाबली. मामांनी दार उघडलं, अर्धंच. समोरच्या घरातल्या बाई रांगोळी काढत होत्या. त्यांचा हात थांबला.

मी म्हटलं, "ही भांडी मला का पाठवली?"

"भेट आहे, सांगितलें ना."

"खरं सांगा."

"तूं आतां जा. शेजारी बघतात."

"बघू देत. मला खरं कारण ऐकायचंय. तुम्ही मास्तर आहात. तुम्हीच म्हणायचात, प्रत्येक गोष्टीला कारण असतं."

मामा दार लावायला लागले. मी दारात पाय ठेवला नाही. हातही लावला नाही. फक्त उभी राहिले. दार लागलं. मी पुन्हा बेल दाबली. आत कुजबुज. पुन्हा दाबली. समोरच्या बाई उभ्याच होत्या. आणखी एक माणूस जिन्यात येऊन थांबला. मी पुन्हा बेल दाबली.

आतून मामीचा आवाज आला. मला पोरी म्हणणारी, माझ्या केसांना तेल लावणारी मामी. दारामागून ओरडली, "विटाळलींत म्हणून! तुझ्या हातानें विटाळलींत म्हणून पाठवलीं! आतां तरी जा!"

बस. एवढंच ऐकायला मी आले होते.

मुंग्या नाहीत, पचन नाही, थुंकीचे रोग नाहीत. एक शब्द. तो त्यांच्या तोंडातून बाहेर काढायला एवढे दिवस लागले. तो ऐकला आणि मी रडले नाही. उलट डोकं एकदम स्वच्छ झालं. कुणीतरी अंगावरचं जड पांघरूण ओढून काढावं तसं.

ताट, वाटी, पेला मी त्यांच्या उंबऱ्यावर मांडले. नीट, ओळीत. आत घ्यायचे असतील तर हातानं उचलावे लागतील. टाकायचे असतील तरी हातानंच.

आबा म्हणतात ते मी मान्य केलंय. कुणाच्या पंगतीत मला आता जागा नको. मागणार नाही, बोलावलं तरी जाऊन बसणार नाही. पण जिथं राहीन, जिथं नोकरी करीन, जिथं भाड्याची खोली बघायला जाईन, तिथं कुणी विचारायच्या आधी मीच सांगते. तोंडावर. पूर्ण नाव, गाव, बौद्ध, आणि त्याआधी आमच्या पूर्वजांना काय म्हणायचे तेसुद्धा. समोरचा चपापतो. मग हसतो. मग कारण शोधायला लागतो.

मी त्याला मध्येच थांबवते. म्हणते, हे नको. खरं सांगा. आणि तो ते त्याच्या तोंडानं बोलेपर्यंत मी त्याच्या पायरीवरून हलत नाही.